सारसाचे गुडघे

धनंजय सरांनी त्या नव्या पोरीचं मनगट एका हातात धरलं, दुसऱ्या हाताने तिचा अंगठा खाली दाबत नेला, आणि तो अलगद जाऊन मनगटाच्या मागे, तिच्या हाताला आतल्या बाजूने सपाट टेकला. डान्स क्लासच्या हॉलमध्ये टाळ्या पडल्या. आपण काय केलं ते पोरीला कळलं नव्हतं, पण टाळ्या आपल्यासाठी आहेत एवढं कळलं, आणि ती दात पडलेल्या तोंडाने हसली. सर म्हणाले, पुढची रांग. दाराशी चपलांच्या ढिगाजवळ उभ्या असलेल्या हर्षाचा उजवा अंगठा आपोआप मुठीच्या आत गेला. तीन वर्षांपूर्वी तिच्या लेकीचा, तृप्तीचाही अंगठा इथेच, याच आरशासमोर टेकला होता. हर्षा तेव्हा कॉलेजात प्रॅक्टिकल घेत होती, आणि नवऱ्याने, सुगतने, मोबाइलवर पाठवलेल्या त्या व्हिडिओत टाळ्यांच्या आवाजाने बाकी काही ऐकूच येत नव्हतं. व्हिडिओत तिला फक्त आपली पोरगी हसताना दिसली होती. आज समोर दुसऱ्या कुणाची पोर होती म्हणून असेल, पण अंगठा दिसला. डॉक्टर लोक हीच खूण पाहतात. सांधे बांधून ठेवणारे अस्थिबंध कुणाचे सैल आहेत, कुणाला जपायला हवं, हे ओळखायची ती साधी खूण आहे. आणि इथे साकोलीत, हार्डवेअरच्या दुकानावरच्या या हॉलमध्ये, त्याच खुणेवरून कुणाला जास्त वाकवायचं ते ठरत होतं. एखाद्या भिंतीला तडा दिसावा आणि कुणी म्हणावं, चला, हिच्यावरच अजून एक मजला चढवू. हर्षाला हसूही येईना.

सर मुंबईत चार वर्षं मोठ्या डान्सर लोकांच्या मागच्या रांगेत नाचले होते आणि लॉकडाउनमध्ये परत आले होते. माणूस वाईट नव्हता. पोरींशी सभ्यपणे वागायचा, गरिबाघरच्या दोघींना फुकट शिकवायचा. पण त्याला बॅले शिकवायचा होता, आणि बॅलेसाठी अंग लागतं हे त्याने मुंबईहून सोबत आणलेलं एकमेव ज्ञान होतं. अंग म्हणजे काडीसारखं, लांब मानेचं, कुठेही वाका म्हटलं की वाकणारं. ते ज्यांच्याकडे होतं त्या पुढे. ज्यांच्याकडे नव्हतं त्या मागे, भिंतीजवळ, पंख्याची हवा पोचत नाही तिथे. त्याने सारस पक्ष्यांवर एक बॅले बसवला होता आणि रविवारी नागपूरला त्याची निवड फेरी होती. तृप्ती त्यातली मुख्य सारस. चौदा वर्षांची, उंच, हातापायांची नुसती लांबी. उभी राहिली की तिचे गुडघे सरळ न राहता किंचित मागे जात, आणि सर इतर पालकांना बोलावून ते दाखवत, पाहा, अगदी सारसासारखे. हर्षाने एकदा त्यांना सांगायचा प्रयत्न केला होता की सारसाचा जो मागे वाकलेला गुडघा आपल्याला दिसतो तो गुडघा नसतोच, तो त्याचा घोटा असतो, गुडघा वर पिसांत असतो. सर फार खुश झाले. म्हणाले, मॅडम, हे तर अजूनच छान, हे आपण निवेदनात टाकू.

आज तिने पुन्हा प्रयत्न केला. पोरी पाणी प्यायला गेल्या तशी ती त्यांच्याजवळ गेली आणि म्हणाली, सर, तो अंगठा टेकणं ही चांगली खूण नाही, अशा पोरींना जास्त जपावं लागतं. सर समजूतदारपणे मान हलवत राहिले, आजारी माणसाचं ऐकावं तसे. मग त्यांनी भिंतीजवळ फडक्याने पाठ पुसत असलेल्या शालूकडे हनुवटी केली. शालू रुंद हाडाची, भरल्या पोटऱ्यांची, तृप्तीच्याच वर्गातली.

"मॅडम, ज्याचं अंग बनलं हाय त्याचंच बनलं हाय. आता हे शालू. इले मी धा वर्ष शिकवलं तरी इचा अंगठा टेकनार नाई."

"सर, मी चिकनमध्ये बटर कमी करते ना मंग," शालू म्हणाली. सगळ्या हसल्या. शालू स्वतः सगळ्यात मोठ्याने हसली.

"तिच्या उडीचा खाली येताना आवाज येत नाही," हर्षा म्हणाली. "तुम्ही ऐकलंय का कधी? तृप्तीचा येतो."

"आवाज कोन आयकते मॅडम," सर म्हणाले. "म्युझिक असते ना."

हर्षा जिन्याशी येऊन उभी राहिली. मागून तृप्ती आली, आणि एका हाताने कठडा धरून, अंग थोडं तिरपं करून, एकेक पायरीवर दोन्ही पाय टेकवत खाली उतरू लागली. शेवटच्या पायऱ्यांवर शालू तिला ओलांडून झरझर गेली. हर्षाने पाहिलं. तृप्तीने पाहिलं की आईने पाहिलं. आणि ती हसली. तेच हसू, वरच्या ओठाची कड न हलवता केलेलं, स्टेजवरचं. ते हसूही सरांनीच शिकवलं होतं.

घरी येताना स्कूटीवर मागे तृप्ती एका बाजूवर भार देऊन बसली आहे हे हर्षाला आरशात न पाहताही जाणवत होतं. रस्त्याच्या कडेला उन्हाळी धानाची रोवणी चालू होती. बाया चिखलात ओळीने वाकल्या होत्या आणि संध्याकाळच्या गारठ्यात त्यांच्या पाठींवर उजेड होता. हर्षाने तिकडे पाहायचं टाळलं. सोमवारीच ती तृप्तीला भंडाऱ्याला हाडांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली होती. एक्स-रे साफ होता. डॉक्टर भला माणूस होता, त्याने कंटाळा न करता समजावून सांगितलं की मांडीच्या हाडाला वर जिथे मानेसारखा भाग असतो तिथे अशा बारीक पोरींना कधी कधी केसासारखी चीर जाते, सुरुवातीला ती एक्स-रेत दिसत नाही, दुखणं तेवढं सांगतं. तेव्हा थांबलं तर विश्रांतीने भरून येते. त्यावरच उड्या मारत राहिलं तर एक दिवस हाड आरपार जातं, मग खिळे ठोकावे लागतात, आणि त्या सांध्याचा पुढे भरवसा नसतो. मग त्याने तृप्तीला झोपवलं, पाय फिरवला, जांघेत दाबलं आणि विचारलं, दुखतं? तृप्ती म्हणाली, नाही. इथे? नाही. चालताना? नाही. आणि हसली. डॉक्टरांनी हर्षाकडे पाहिलं. दुखत असेल तर आजपासून नाच बंद आणि नागपूरला मोठी तपासणी, म्हणाले, पण दुखत नसेल तर मी काय सांगणार. म्हणजे सगळं त्या एका शब्दावर येऊन थांबलं. एवढी यंत्रं, एवढं शास्त्र, आणि शेवटी एका चौदा वर्षांच्या पोरीने खरं बोलायचं की नाही यावर तिचा पाय. हर्षाने बसमध्ये चार वेळा विचारलं. चार वेळा नाही. पाचव्या वेळी तृप्तीने खिडकीकडे तोंड करून कानात इयरफोन घातले. घरी सुगतने तो एक्स-रे ट्यूबलाइटसमोर धरला, वीज मंडळातला माणूस, कुठलंही चित्र उजेडासमोर धरून पाहायची त्याला सवयच, आणि म्हणाला, साफ तर आहे, तू कायले टेन्शन घेऊन राहिली.

आणि घरात भात बंद होता. म्हणजे तृप्तीचा. आजूबाजूला मैलोन् मैल धानच धान असलेल्या या मुलखात, जिथे पाहुण्याला जेवलात का असं न विचारता भात खाल्ला का असं विचारतात, तिथे ही पोरगी रात्री काकडी आणि अर्धी वाटी दही खाऊन उठत होती. तिच्या बरोबरीच्या पोरींची पाळी केव्हाच सुरू झाली होती, हिचं अजून काही नाही. सरांच्या बायकोने सांगितलं होतं, डान्सरचं उशिराच होते, चांगलंच असते ते. हर्षाने हेही सुगतला समजावलं होतं, की पोटात पुरेसं गेलं नाही की शरीर आधी ते थांबवतं, मग हाडं ठिसूळ होतात, या सगळ्याची एकच साखळी आहे. सुगत म्हणाला, तू आईसारखं बोलत जा ना कधी, मास्तरणीसारखं कायले. आईसारखं म्हणजे कसं, हे तिला खरंच कळेना. ज्याला ज्या गोष्टीची माहिती आहे त्याने ती न सांगणं म्हणजे माया, असं काही आहे का?

तिची स्वतःची आई, पार्वताबाई, दिघोरीहून त्यांच्याकडे राहायला आली त्याला पाच वर्षं झाली होती. नातीच्या अंगाचा सगळा मान ती स्वतःकडे घेत असे. बाळंतपणात तिनेच तृप्तीला न्हाऊ घातलं होतं, मोहाच्या बियांच्या तेलाने रगडून, उलटसुलट करून, पाय कपाळाला लावून, हातांची घडी पाठीमागे नेऊन. सोसायटीतल्या बाया तृप्तीचं कौतुक करू लागल्या की पार्वताबाई आपले दोन्ही हात पुढे करून दाखवायची, हे हात हायेत त्याच्यामागं. हर्षाने एकदा सांगून पाहिलं, माय, तेलाने नाही होत हे, हे रक्तातून येतं, तुझ्याकडून माझ्याकडे, माझ्याकडून तिच्याकडे. पार्वताबाईला तेही आवडलं. तिच्या ऐकण्यात त्यातलं फक्त तुझ्याकडून एवढंच आलं.

तुझ्याकडून. हर्षाला आठवायचं ते नेहमी मागून आठवायचं, धुऱ्यावर, शेताच्या बांधावर बसून पाहिलेलं. शाळेला सुट्टी, खाली बांधी, म्हणजे धानाचं खाचर, बांधीत गुडघ्यापर्यंत चिखल, आणि बायांची रांग मागे मागे सरकत पऱ्हे, धानाची रोपं, लावत येणारी. सगळ्यांच्या पुढे, रांगेचा वेग धरणारी, तिची आई. इतर बाया मधे मधे उठायच्या, कमरेवर हात ठेवून आळोखेपिळोखे द्यायच्या, एकमेकींना चिडवायच्या. आई उठायची नाही. कमरेतून घडी घातल्यासारखी ती वाकलेली असायची, गुडघे मागे गेलेले, आणि शेतमालक मारोतराव छत्री घेऊन धुऱ्यावरून जाता जाता हटकून म्हणायचे, पार्वताचं आंगच रोवन्यासाठी बनलं हाय. लहान हर्षाला ते ऐकताना अंगावर मूठभर मांस चढल्यासारखं वाटायचं. तिची आई, जिच्या घरच्यांना वरच्या आळीतले लोक पाण्याचा पेला पुढे करताना दोनदा विचार करायचे, ती सगळ्यांच्या पुढे. शकुनबाई मागे असायची. ठेंगणी, जाड, कुरकुरी शकुनबाई, दर थोड्या वेळाने चिखलातून पाय ओढून धुऱ्यावर येऊन बसणारी आणि म्हणणारी, मरू दे बाई, माह्यानं नाई होत. सगळ्या तिला हसायच्या. हर्षाही हसायची.

शुक्रवारी कॉलेजात तिला अकरावीला सांध्यांचे प्रकारच शिकवायचे होते. मांडीचा सांधा, उखळी सांधा, तिने फळ्यावर काढला. खालच्या अर्ध्या फळ्यावर. पोरांचा तो जुना विनोद होता, जीवशास्त्राच्या मॅडमचा फळा अर्धाच असतो. उजवा हात डोक्याच्या वर नेला की खांद्यातून काहीतरी निसटायचं, क्षणभर हात आपला नसल्यासारखा व्हायचा, आणि मग आत कुठेतरी टक् होऊन तो जागेवर यायचा, सोबत एक घाम फोडणारी कळ. बीएड करत असताना पहिल्यांदा झालं होतं. मुलाखतीत फळ्यावर लिहून दाखवायचं होतं, तिने तेव्हाही खालीच लिहिलं, आणि एक सर म्हणाले होते, मागच्या बाकांना दिसेल का हो. दिसेल, ती म्हणाली होती, आणि हसली होती. आजही तिने उखळी सांध्याच्या वर मथळा लिहायला हात उचलला आणि अर्ध्यातून परत आणला. पहिल्या बाकावरच्या पोरीने विचारलं, मॅडम, हा सांधा सगळ्यांचा सारखाच असतो का? नाही, हर्षा म्हणाली. काहींचा जास्त फिरतो. मग ते चांगलं ना मॅडम, पोरगी म्हणाली. हर्षाला तिच्यावर ओरडावंसं वाटलं. तिने खडू ठेवला, हात पुसले, आणि तास संपायच्या आधीच हजेरी घेतली.

शनिवारी संध्याकाळी ती घरी आली तेव्हा पुढच्या खोलीत चटईवर तेलाची वाटी होती आणि पार्वताबाईने तृप्तीचा पाय मांडीवर घेतला होता. उद्या नागपूर, म्हणून खास मालिश. सुगत दाराशी उभा राहून सारसाच्या पिसांचा मुकुट खोक्यात नीट बसवत होता. "पाह्य," पार्वताबाई म्हणाली, आणि तिने नातीचा पाय धरून, सरळ, डोक्याच्या दिशेने वर नेला, जसा ती बाळाचा न्यायची. पाय गेला. कपाळापाशी गेला. तृप्ती हसली. आणि तिच्या अंगाशेजारी ठेवलेल्या हाताची बोटं चटईत रुतली.

"माय, सोड तिचा पाय."

"काहून? दुखत नाई म्हनते पोरगी."

हर्षा तिथेच उभी राहिली. खांद्यावर पर्स, हातात भाजीची पिशवी. आठवडाभर जे जे बोलून झालं होतं ते सगळं पुन्हा तिच्या तोंडात आलं, अस्थिबंध, चीर, खिळे, भात, आणि त्यातलं काहीच बोलण्यात अर्थ नाही हेही त्याच्याबरोबर आलं. तिला या घरातल्या प्रत्येकाचा वैताग आला होता, मुकुट बसवणाऱ्याचा, तेल लावणारीचा, हसणारीचा. तिने पिशवी खाली टाकली. तिने विचारलं ते तिने ठरवून विचारलं नाही.

"माय, तुह्ये गुडघे कधीपासून दुखते?"

"हे म्हातारपनाचं हाय."

"नाई. खरं सांग. बांधीत असतानी दुखत होते का नाई?"

पार्वताबाईने पाय हळूच खाली ठेवला. तेलाचा हात लुगड्याला पुसला.

"रोवनं लागलं का दुसऱ्या दिवसापासून दुखे," ती म्हणाली. "राती तुह्या बापाच्या आंगावर पाय ठेवून झोपो, तवा झोप लागे."

"मंग सांगितलं काहून नाई कोणाले?"

"कोनाले सांगू? सांगतलं असतं तं मारोतरावानं शकुनबाईले पुढं केलं असतं."

खोक्याचा पुठ्ठा करकरला आणि थांबला. तृप्ती कोपरांवर उठून आजीकडे पाहत होती. हर्षा चटईवर बसली, साडीसकट, तेलाच्या डागांवर. तिने आपलं उजवं मनगट वाकवलं आणि डाव्या हाताने अंगठा खाली दाबला. चाळिशी ओलांडलेला, खडूने भेगाळलेला अंगठा, तो निमूटपणे जाऊन टेकला. तिने तो कितीतरी वर्षांत असा टेकवून पाहिला नव्हता.

"मम्मी, तुझा बी?" तृप्ती म्हणाली.

"माझा बी. आजीचा बी."

तृप्तीने तो अंगठा बोटाने दाबून पाहिला, खरंच टेकलाय का ते. मग ती म्हणाली, "मंग तुझं काय दुखते?"

काहीच नाही, असं हर्षाच्या तोंडात आलं. वरच्या ओठाची कड आपोआप ताठ झाली. ती कड तिला आतून जाणवली, आणि तिने ती सोडून दिली.

"खांदा," ती म्हणाली. "हात वर नेला का निसटते. म्हणून मी फळ्यावर खालीच लिहिते."

"तू कधी बोलली नाईस," सुगत दारातून म्हणाला.

बाहेर कुणाच्या तरी घरी कुकरची शिट्टी झाली. तृप्तीने पाय जवळ ओढून घेतला, म्हणजे ओढायला गेली, आणि मधेच थांबली, आणि दोन्ही हातांनी मांडी उचलून तो पाय सरळ केला. मग तिने तळवा जांघेवर ठेवला.

"इथं," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"दिवाळीच्या आधीपासून. पहिले उडी मारल्यावरच दुखे. आता झोपल्यावर बी दुखते."

दिवाळीच्या आधीपासून. हर्षाच्या डोक्यात संतापाचा एक लोळ उठला आणि त्याला पडायला कुठेच जागा मिळेना. पोरीवर पडावा तर ती समोर मांडी धरून बसलेली, आईवर पडावा तर ती तिच्या मागे. त्याला असं गरगर फिरू देत ती तृप्तीचा घोटा धरून बसून राहिली. तिने डॉक्टरांनी सांगितलेलं पुन्हा सांगितलं नाही. सुगतने मुकुटाचं खोकं जमिनीवर ठेवलं आणि विचारलं, सकाळी गाडी लागेल ना आपल्याला, नागपूरला. तपासणीसाठी म्हणून. हो, हर्षा म्हणाली, पाय लांब करून झोपता येईल अशी पाहा.

"पन मम्मी, उद्या पुढं कोन उभी राहीन?"

"शालू."

तेव्हा मात्र तृप्तीचं हसू गेलं. इतके दिवस ते तोंडावर होतं हे ते गेल्यावरच कळलं. ती तोंड वासून, नाक गळत, लहानपणी रडायची तशी भोकाड पसरून रडायला लागली, शालूले स्टेप्सबी येत नाई म्हणून, सर आता आपल्याला कधीच पुढे घेणार नाहीत म्हणून, आणि मग म्हणूनबिणून काही नाही, नुसतीच. पार्वताबाईने तेलाची वाटी पायाने बाजूला सरकवली. नातीच्या डोक्यावर हात ठेवायला ती पुढे वाकली, गुडघा कडकडला, तिने तो हाताने दाबला.

"शकुनबाई आली होती दिवाळीत," ती कुणाकडेच न पाहता म्हणाली. "बस स्टँडपासून पायी आली. दोन जिने चढून. तिले काईच नाई झालं."

हर्षाने एका हाताने तृप्तीचा घोटा तसाच धरून ठेवला आणि दुसऱ्या हाताने सरांना फोन लावला. घंटी वाजत राहिली. तिने पुन्हा लावला. पुन्हा वाजत राहिली. हॉलमध्ये म्युझिक चालू असणार.